मथळा नुसता ठळक केला, तिथेच चुकलं

आमच्या वाचनालयाची वेबसाइट मी चार रात्रींत बसवली. पहिली रात्र रंग निवडण्यात गेली, दुसरी इमारतीचा मोठा फोटो लावण्यात. पानं किती, कुठलं पान कशासाठी, हे ठरवलंच नाही. सुचेल तसं सगळं पहिल्याच पानावर रचत गेलो: इतिहास, देणगीदारांची नावं, अध्यक्षांचं मनोगत. वाचनालयाची वेळ अगदी तळाशी.

महिन्याभराने एका सभासदांचा फोन आला. निवृत्त शिक्षक, दृष्टी गेलेली. मोबाइलमधला स्क्रीन रीडर वाचून दाखवतो ते ऐकतात. म्हणाले, "अहो, संध्याकाळी कितीपर्यंत उघडं असतं एवढंच हवं होतं. केव्हाचा ऐकतोय, देणगीदारांची नावं संपत नाहीत."

मी म्हटलं, "गुरुजी, मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारता येते ना?"

"येते. पण तुमच्या पानावर मथळाच नाही."

मथळे होते, पण मी ते नुसते मोठे आणि ठळक केले होते. डोळ्यांना तो मथळा, यंत्राला मात्र साधी ओळ. मी फोटोत रात्र घालवली होती, पण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली पहिलं संकेतस्थळ खुलं केलं, तेव्हा त्या पानावर चित्र नव्हतं. मथळा, मजकूर आणि दुवे एवढंच होतं. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये मथळ्याच्या सहा पायऱ्या आहेत. पहिली पानाच्या नावाला, दुसरी मुख्य भागांना, तिसरी त्यांच्या पोटभागांना. अक्षर लहान हवं म्हणून दुसरी सोडून तिसरी घेऊ नका. आकार ठरवणं हे पानाचं रूप सांभाळणाऱ्या सीएसएसचं काम.

मग मी सगळं पुन्हा मांडलं, तेही कॉम्प्युटर बंद ठेवून. आठवडाभर काउंटरवर बसलो आणि लोक काय विचारतात ते टिपलं. वेळ, वर्गणी, अनामत, अमुक पुस्तक आहे का. इतिहास एकानेही विचारला नाही. जुन्या अर्जांच्या पाठीवर एकेका पानाचं नाव लिहून ते कागद लांब टेबलावर सरकवत राहिलो. पाच पानं उरली. वेळ पहिल्या पानावर सर्वांत वर आली, इतिहासाला स्वतंत्र पान मिळालं. तुम्ही सुरुवात करणार असाल तर हे कागद सरकवणं टाळू नका. तिथे चूक दुरुस्त करायला क्षण लागतो, नंतर अख्खी रात्र जाते.

आणखी दोन ठेचा सांगतो. घरी विंडोजवर चालणारे दुवे सर्व्हरवर तुटले, कारण तिथल्या लिनक्सला रोमन लिपीतलं मोठं आणि लहान अक्षर वेगळं वाटतं. फाइलींची नावं सगळी लहान अक्षरांतच ठेवा, मध्ये मोकळी जागा नको. दुसरी ठेच मराठीची. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला अहवाल पानावर निरर्थक चिन्हं होऊन उमटला. मजकूर युनिकोडमध्ये असू द्या, पानाच्या एचटीएमएलमधल्या 'हेड' भागात यूटीएफ-८ ही अक्षरसंकेत पद्धत नोंदवा आणि भाषा मराठी असल्याची नोंद करा, म्हणजे स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो.

नवी रचना चढवून गुरुजींना फोन लावला. पहिल्याच उडीत त्यांना वेळ सापडली. मग त्यांनी विचारलं, "आणि नवी पुस्तकं कुठली आलीत?"

ती यादी मी सूचनाफलकाचा फोटो काढून लावली होती. त्या रात्री बसून सगळी नावं टाइप केली.