नाव आणि गुणवत्ता : दोन शोधनिबंध वाचताना

शोधनिबंधाच्या निष्कर्षाआधी आम्ही त्याची पद्धत तपासतो. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांचा निबंध आला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठविले. भेद केवळ नावांचा. सवर्ण नावांपेक्षा दलित नावांना बोलावणे कमी आले, मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. परंतु ही पद्धत मुलाखतीच्या दारापाशीच थांबते. दाराआडचे बोलणे सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी नोंदविले : व्यवस्थापक गुणवत्तेचा गौरव करतात आणि उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ही विचारतात. वडिलांच्या व्यवसायावरून मुलीचे कौशल्य मोजायचे तरी कसे? त्यांच्या मुलाखती मात्र अवघ्या २५. म्हणून वरच्या वर्गांना आम्ही दोन्ही निबंध एकत्रच समजावून देतो.