खुब्याच्या रिसर्फेसिंगनंतर रक्तातले धातू: जयपूरमध्ये तपासणीचा खर्च

खर्चाचा विचार करण्याआधी ऑपरेशनची फाइल काढा. डिस्चार्ज कार्डावर किंवा ऑपरेशन नोट्समध्ये इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात. त्यावर कंपनी, मॉडेल, लॉट नंबर आणि गोळ्याचा मिलिमीटरमधला व्यास असतो. फाइल सापडत नसेल तर जिथे ऑपरेशन झालं, मग ते मुंबई-पुण्याला का असेना, तिथल्या रेकॉर्ड विभागाकडे लेखी अर्ज करा. खुबा बदलताना धातूच्या गोळ्याला प्लास्टिकची वाटी बसवली असेल किंवा सांधा सिरॅमिकचा असेल, तर ही तपासणी सरसकट करायची गरज नसते. डॉक्टरांनी खास कारणाने सांगितली नसेल तर तो पैसा वाचवा.

रिसर्फेसिंगमध्ये मात्र बहुधा धातूवर धातू घासतो आणि कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरतात. जयपूरमध्ये मोठ्या साखळी प्रयोगशाळांच्या केंद्रांवर रक्त घेतात. प्रत्यक्ष तपासणी बहुतेक वेळा बाहेरगावच्या मुख्य प्रयोगशाळेत होते. दोन्ही धातूंचे मिळून तीन ते सात हजार रुपये हाताशी ठेवा आणि दर फोनवर विचारून घ्या. ‘हेवी मेटल पॅकेज’ स्वस्त दिसलं तरी यादीत कोबाल्ट आणि क्रोमियम दोन्ही आहेत का ते बघा. शिसं-पारा मोजून तुमच्या खुब्याचं काहीच कळत नाही.

खरा पैसा वाया जातो तो रक्त घेताना. साधी सुई स्टीलची असते आणि स्टीलमध्ये क्रोमियम असतं, त्यामुळे पहिल्या काही मिलिलिटर रक्तात आकडा फुगू शकतो. म्हणून त्याच टोचणीत आधी क्रिएटिनिनची नळी भरायला सांगा आणि धातूंसाठीची, गडद निळ्या बुचाची ट्रेस एलिमेंट नळी नंतर. क्रिएटिनिन तसंही हवंच, कारण हे धातू मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड मंद असेल तर आकडा चढतो. घरी रक्त घ्यायला येणाऱ्याकडे ही नळी असेलच असं नाही. आदल्या दिवशी खात्री करा. बी-१२ च्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, कारण त्या जीवनसत्त्वात कोबाल्ट असतो.

दरवेळी प्रयोगशाळा तीच ठेवा आणि नमुनाही तोच: पूर्ण रक्त किंवा सीरम. शंभर-दोनशे रुपयांसाठी प्रयोगशाळा बदललीत तर मागच्या आकड्याशी तुलना करता येत नाही, आणि या तपासणीत तुलनेलाच सगळी किंमत आहे.

ब्रिटनच्या औषध नियामकाने लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही सावधगिरीची पातळी ठरवली आहे. रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असेल तर कोबाल्टसाठी ती ११९, क्रोमियमसाठी १३४.५. आकडा त्यावर गेला तर तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. म्हणजे एकाऐवजी दोन तपासण्यांचा खर्च धरा. जांघेत दुखणं, सूज, लंगडणं असेल तर आकडा कमी असूनही सोनोग्राफी किंवा धातूची सावली कमी करणारं एमआरआय लागतं. त्यासाठी खासगीत सहा ते दहा हजार ठेवा आणि केंद्राला ‘खुब्यात धातू आहे’ हे आधीच सांगा.

त्याच नियामकाच्या २०१७ च्या सूचनेनुसार सर्व स्त्रिया, ४८ मिमी किंवा त्याहून लहान गोळा असलेले पुरुष आणि डीप्यू कंपनीचं ‘एएसआर’ बसवलेले सगळे, यांची तपासणी दरवर्षी, आयुष्यभर. मोठा गोळा आणि त्रास नाही अशा पुरुषांची पहिली पाच वर्षं दरवर्षी, दहा वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढे तीन वर्षांनी.

राजस्थानच्या रहिवाशांना सवाई मानसिंहसारख्या सरकारी रुग्णालयांत २०२२ पासून ओपीडीतल्या तपासण्या मोफत आहेत. एक्स-रे आणि क्रिएटिनिन तिथे करून घ्या. धातूंची तपासणी मात्र तिथे होईल असं गृहीत धरू नका, खिडकीवर विचारा. साठी ओलांडलेल्या आणि आरोग्य विमा नसलेल्यांना जुन्या करप्रणालीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चावर वजावट मिळते. पैसे रोखीने देऊ नका, बिलं जपा.

‘एएसआर’वाल्यांनी तर प्रत्येक कागद जपावा. हे मॉडेल ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवलं गेलं. भारतात ते बसवण्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३० लाख ते १.२३ कोटी रुपये भरपाईचं सूत्र ठरवलं, कंपनीने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. कुठलाही दावा करायचा तर स्टिकर, ऑपरेशन नोट्स आणि तारीखवार रक्ताचे रिपोर्ट हेच पुरावे. मूळ प्रती कुणालाही देऊ नका; रुग्णालयाला, वकिलाला, सरकारी कार्यालयाला झेरॉक्स द्या आणि पोच घ्या.