दुसऱ्याची चूक निस्तरताना

वाचन : मत्तय १८:१५-१७

आपल्या मंडळ्यांतील कित्येक तरुण आज संगणकाचे प्रोग्राम लिहितात. त्यांतील नवख्यांची एक अडचण आपण पाहू. पगारपत्रकाच्या प्रोग्राममध्ये वरिष्ठ सहकारी वारंवार चुका करतो. नवखा रात्री बसून त्या गुपचूप निस्तरतो. शाबासकी मात्र वरिष्ठाला! मग मनात कडवटपणा साठतो व पाठीमागे कुजबुज सुरू होते.

गुपचूप निस्तरणे ही प्रीती नव्हे. सहकारी शिकत नाही, साहेबांना खरी स्थिती कळत नाही, आणि एखादी चूक नजरेतून सुटली तर कोणा कामगाराची मजुरी बुडते.

प्रभूने मंडळीतील अपराधाविषयी लावून दिलेला क्रम येथेही उपयोगी पडतो.

१. एकांतात बोलावे. 'तुम्हांला जमत नाही' असे न म्हणता, 'रजा वजा करताना ह्या ओळीत आकडा चुकतो, आपण दोघे पाहू या का?' असे विचारावे. जेरल्ड वाइनबर्ग यांनीही १९७१ च्या आपल्या ग्रंथात, प्रोग्राममधील दोष हा मानापमानाचा प्रश्न करू नये, असे सुचविले आहे.

२. साक्ष ठेवावी. कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली ह्याची नोंद गिटसारख्या साधनात राहते. दुरुस्ती तेथे उघडपणे करावी. म्हणजे आपले श्रमही दिसतात.

३. तरीही फरक न पडल्यास ती नोंद घेऊन साहेबांपुढे जावे. गाऱ्हाणे कामाविषयी असावे, माणसाविषयी नव्हे. आपल्या बढतीची गोष्ट वेगळ्या वेळी काढावी.

विचारासाठी : आपले मौन सहनशीलतेचे आहे की भीतीचे?