नागोठण्याच्या परसातील द्राक्षवेल : जात, मांडव आणि छाटणीचे दिवस

वाइनच्या द्राक्षांत ज्यांना शीतसहिष्णू जाती म्हणतात, म्हणजे ज्यांची काडी आणि डोळे कडाक्याच्या गोठणातही जिवंत राहतात, त्या बहुतेक सर्व अमेरिकी रानद्राक्षांच्या रक्ताच्या आहेत. युरोपातून जगभर पसरलेली व्हायटिस व्हिनिफेरा ही प्रजाती आणि उत्तर अमेरिकेतील व्हायटिस लॅब्रुस्का किंवा व्हायटिस रिपारिया यांसारख्या प्रजाती यांच्या संकरातून त्या निर्माण झाल्या. मिनेसोटा विद्यापीठाने १९९६ मध्ये प्रसारित केलेली फ्रोन्तेनॅक आणि २००६ मध्ये प्रसारित केलेली मार्केट या जाती उणे ३० अंश सेल्सिअसच्या थंडीतही तग धरतात. नागोठण्यात मात्र जानेवारीच्या पहाटेही पारा क्वचितच दहा अंशांच्या खाली उतरतो. त्यामुळे या जातींच्या थंडी सोसण्याच्या गुणाचा येथे काही उपयोग नाही. उलट ज्या वेलीला हिवाळ्यात काहीशे तास शून्य ते सात अंशांची थंडी मिळाल्याशिवाय डोळे नीट फुटत नाहीत, ती वेल कोकणच्या उबदार हवेत अर्धवट झोपेतच राहते. महाराष्ट्रात थंडीचा खरा प्रश्न निफाडकडचा आहे. तेथे थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांखाली गेल्यावर मणी तडकतात, आणि बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात किंवा पाणी सोडतात. आंबा नदीच्या काठी, नागोठण्यात, वेलीला सोसायचा असतो तो पाऊस आणि त्यामागोमाग येणारी बुरशी.

तरीही या अमेरिकी घराण्याकडे नागोठण्यातील बागायतदाराने लक्ष द्यावे, कारण थंडीबरोबरच दमट हवेतील बुरशीजन्य रोगांशी झुंजण्याचा काही अंश त्या रानद्राक्षांतून संकरित जातींत उतरलेला असतो. डाऊनी मिल्ड्यू, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतील केवडा, हा रोग मुळात अमेरिकेतला असून तेथील रानवेली त्याच्या सहवासातच वाढल्या. युरोपात तो १८७८ च्या सुमारास पोहोचला, तेव्हा व्हिनिफेराचे मळे त्यापुढे उभे राहू शकले नाहीत. मात्र अमेरिकी रक्त म्हणजे रोगमुक्ती असा हिशेब कोणी मांडू नये. कटॉबा ही लॅब्रुस्का रक्ताची जात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील सिनसिनाटीच्या परिसरात वाइनसाठी मोठ्या प्रमाणावर लावली गेली होती आणि ओहायो नदीच्या खोऱ्यातील दमट उन्हाळ्यात घडकूज व भुरीने ते मळे काही वर्षांतच बसले. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, तर निफाड किंवा तासगावच्या द्राक्षपट्ट्यात तो हजाराच्या पुष्कळ आत राहतो. हा फरक लक्षात घेता नागोठण्यात द्राक्षाची एकरी लागवड करण्याचा सल्ला देता येत नाही. परसात एक-दोन वेली, घरच्या माणसांच्या नजरेखाली, एवढ्याच मर्यादेत हा प्रयोग करण्याजोगा आहे, आणि त्या मर्यादेत तो मनापासून करावा असाच आहे.

जातीची निवड करताना थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही बाजारात ओळखीची नावे बाजूला ठेवावीत, कारण त्या सर्व व्हिनिफेरा जाती आहेत आणि नाशिक-सांगलीकडेही त्या वारंवारच्या फवारण्यांवरच टिकतात. परसासाठी विचारात घेण्याजोग्या जाती दोन. पहिली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेली एआरआय-५१६. ही वर उल्लेखिलेल्या कटॉबा आणि व्हिनिफेरातील ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून आली आहे. तिचे मणी काळसर आणि बियांचे असून रस, जॅम व लाल वाइन यांसाठी ती उपयुक्त ठरली आहे, छाटणीपासून ११० ते १२० दिवसांत तिचा घड तयार होतो आणि बुरशीजन्य रोगांना ती पुष्कळ अंशी दाद देत नाही. दुसरी बंगळूर ब्ल्यू, जी अमेरिकेतील जुन्या इसाबेला जातीशी एकरूप मानली जाते. तिची साल जाड असते आणि दाबल्यावर गरापासून सहज सुटते. तिचा वास उग्र असतो आणि अशा काही जातींवर फ्रान्सने १९३० च्या दशकात बंदीही घातली होती, पण सरबतात तोच वास हवाहवासा वाटतो. बंगळूर ब्ल्यू पिकायला अधिक दिवस घेते, आणि पुढे दिलेल्या वेळापत्रकाला हीच गोष्ट अडचणीची ठरते, म्हणून जागा एकाच वेलीची असेल तर एआरआय-५१६ ला प्राधान्य द्यावे. काडी किंवा रोप घेताना जातीची खातरजमा करावी, कारण ‘काळी द्राक्षे’ एवढ्याच नावाने विकले जाणारे रोप व्हिनिफेराचे निघाले तर पहिल्याच पावसात सारे श्रम वाया जातात.

जागेबाबत नागोठण्यात दोन गोष्टी पाहाव्या लागतात : पुराची रेषा आणि खारेपणा. जुलै १९८९ मध्ये आंबा नदीला आलेल्या महापुराची आठवण या खोऱ्यात अजून आहे. त्याहून लहान पुराचे पाणीही जेथे दोन-तीन दिवस साचून राहते तेथे द्राक्षाची मुळे हवेवाचून गुदमरतात. भाताच्या खाचरालगतची सखल जागा टाळून घराच्या जोत्यालगतची किंवा वरकस उताराची जागा निवडावी, आणि तेथेही खड्डा करून त्यात रोप बसवण्याऐवजी सुमारे दीड फूट उंच व चार फूट रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे. धरमतर खाडीच्या भरतीचे पाणी आंबेतून आत येते, त्यामुळे नदीकाठच्या काही विहिरींचे पाणी मार्च-एप्रिलमध्ये मचूळ होते. द्राक्षवेलीला क्षार मानवत नाहीत. पानाची कड बाहेरून आत तपकिरी होत वाळू लागली आणि मधला भाग मात्र हिरवाच राहिला, तर तो रोग नसून पाण्यातील क्षारांचा परिणाम आहे असे समजावे व गोडे पाणी द्यावे. अशा जागी स्वतःच्या मुळांवरील रोपाऐवजी डॉगरिज या खुंटावर, म्हणजे क्षार सोसणाऱ्या रानद्राक्षाच्या मुळावर, कलम केलेले रोप घेणे हिताचे असते.

लागवड परतीचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरभर करावी. उंचवट्याच्या मातीत दोन-तीन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. जांभ्याची आंबट माती असल्यास थोडा चुनाही घालावा. दोन वेलींत किमान दहा फूट अंतर ठेवावे. एकच सरळ फूट बांबूच्या आधाराने वर चढवून बाकीच्या फुटी काढाव्यात, आणि ती साडेसहा फुटांवरील मांडवाला पोहोचली की शेंडा खुडून दोन्ही बाजूंना दोन फांद्या वळवाव्यात. या कायमच्या आडव्या फांद्यांना द्राक्षबागेत ओलांडे म्हणतात. दोडका-पडवळासाठी रोहा-पेणकडे जो मांडव घालतात तोच येथे चालतो, फक्त खांब टिकाऊ हवेत आणि वरची तार गॅल्व्हनाइज्ड हवी, कारण हा मांडव एका हंगामासाठी नसून वर्षानुवर्षांसाठी असतो. पहिल्या ऑक्टोबरात फळाचा मोह टाळून वेलीचा सांगाडाच पक्का होऊ द्यावा.

या सर्वांहून महत्त्वाचा भाग छाटणीच्या तारखांचा आहे, आणि घाटावरचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलल्याने कोकणातील वेली फळत नाहीत, हे येथे सविस्तर समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात द्राक्षवेलीच्या वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीत मागील वर्षाच्या काड्या ओलांड्यापर्यंत आखूड कापतात, त्यातून नवीन काड्या वाढतात. ऑक्टोबरच्या फळछाटणीत, म्हणजे गोडी छाटणीत, त्या नवीन काड्या ठरावीक डोळ्यांवर कापल्या की त्यांतून घड घेऊन फूट येते. मात्र ऑक्टोबरात बाहेर दिसणारा घड डोळ्याच्या आत त्याआधीच घडलेला असतो. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीवरील डोळ्यांमध्ये सूक्ष्म घडनिर्मिती होते, आणि त्या दिवसांत काडीवर स्वच्छ ऊन पडले नाही तर डोळ्यात घडाऐवजी केवळ बाळी, म्हणजे तणावा, तयार होते. १५ एप्रिलला खरड छाटणी केली तर हा काळ मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत येतो. तासगावात तेव्हा पुष्कळदा ऊन असते. नागोठण्यात मात्र तोवर आभाळ भरून येते आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू होतो. परसातील वेल नुसतीच वाढते, फळ धरत नाही, अशी जी तक्रार कोकणात ऐकू येते तिचे एक मोठे कारण हे आहे.

उपाय असा की खरड छाटणी दीड महिना अलीकडे ओढावी, आणि त्यासाठी फळछाटणी वेळेवर उरकावी. मुंबईच्या परिसरातून नैर्ऋत्य मोसमी पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो; आकाश मोकळे झाल्याची खात्री होताच १२ ते २० ऑक्टोबरच्या दरम्यान फळछाटणी करावी. एआरआय-५१६ चा घड मग फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात काढणीस येतो, त्यानंतर वेलीला दोन-तीन आठवडे विश्रांती देऊन फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात खरड छाटणी करता येते, आणि सूक्ष्म घडनिर्मितीचे दिवस भर एप्रिलच्या उन्हात येतात. त्या काळात पाणी तोडू नये, पण नत्रखतही देऊ नये. काडीला दहा-बारा पाने झाली की शेंडा खुडावा, बगलफुटी काढाव्यात आणि काड्या मांडवावर एकमेकींवर न चढवता पसरून बांधाव्यात. मांडवाखाली उभे राहिल्यावर जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसले तर दाटी योग्य आहे असे मानण्यास हरकत नाही.

एप्रिलमध्ये डोळ्यात तयार झालेला घड ऑक्टोबरपर्यंत सांभाळणे हे पावसाळ्याचे काम आहे. पानाच्या खालच्या बाजूस नारिंगी भुकटी दिसू लागली की तो तांबेरा असतो. कोवळ्या शेंड्यांवर काळपट खोलगट डाग आणि पानांना बारीक छिद्रे पडली की तो करपा. पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळा ठिपका आणि नेमका त्याच्याखाली पांढरी कापसासारखी बुरशी दिसली की तो केवडा. या रोगांनी ऑगस्टमध्येच पानगळ झाली तर वेल फसते आणि सप्टेंबरच्या पावसात डोळे अकाली फुटून वर्षाचे फळ जाते. यासाठी बोर्डो मिश्रण पुरेसे आहे, आणि सुपारीच्या कोळेरोगासाठी ते वापरणाऱ्या कोकणातील बागायतदाराला त्याची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. एक टक्का मिश्रणासाठी प्लास्टिकच्या एका बादलीत पाच लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद आणि दुसऱ्या बादलीत पाच लिटर पाण्यात १०० ग्रॅम कळीचा चुना विरघळवून, मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ढवळत ओतावे. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. मिश्रण त्याच दिवशी वापरावे, पावसाच्या उघडिपीत पानांच्या खालच्या बाजूसही पोहोचेल असे फवारावे, आणि कोवळ्या फुटीवर मात्र अर्ध्या तीव्रतेचेच घ्यावे.

ऑक्टोबरची छाटणी करण्यापूर्वी आठ-दहा दिवस हाताने पाने काढून टाकावीत, म्हणजे डोळे फुगू लागतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तपकिरी, पक्व काडी पाच-सहा डोळ्यांवर कापावी. व्यापारी बागेत डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते अतिशय विषारी असून घराच्या परसात, मुलाबाळांच्या वावरात, त्याला मुळीच स्थान देऊ नये. त्यावाचून काडीचे वरचे दोन-तीन डोळेच फुटतात, आणि घरच्या वेलीला तेवढे पुरतात. फुटीनंतर फळधारणा होईपर्यंतचे दिवस सर्वांत नाजूक असतात. या काळात दुपारची वळवासारखी एखादी सर आली आणि पाने रात्रभर ओली राहिली तर केवडा थेट कोवळ्या घडावर उतरतो. म्हणून मांडवाच्या वर फूटभर उंचीवर, बाजूंनी वारा खेळता ठेवून, पारदर्शक प्लास्टिकचे छत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत घालावे. जपानमध्ये लॅब्रुस्का रक्ताची क्योहो द्राक्षे अशाच पावसाळी छताखाली पिकवली जातात, आणि महाराष्ट्रातील काही द्राक्ष बागायतदारही आता असे आच्छादन वापरू लागले आहेत. दहा फूट चौरस मांडवासाठी त्याचा खर्चही आवाक्यातला असतो. डिसेंबरच्या कोरड्या थंड हवेत पाने व मणी यांवर राखेसारखी भुरी येते; तिला पाण्याची गरज नसते, म्हणून छताचा तेथे उपयोग नाही. त्यासाठी घडाभोवतीची दोन-तीन पाने काढून हवा मोकळी करावी आणि गरज पडल्यास पाण्यात विरघळणारे गंधक सकाळच्या वेळी फवारावे.

मणी रंगू लागले की सर्व फवारण्या थांबवून प्रत्येक घडाला कागदाची किंवा जुन्या मलमलची पिशवी बांधावी, कारण बुलबुल आणि वटवाघळे यांना पिकाची खबर माणसाआधी लागते. माकडांचा उपद्रव असेल तेथे मांडवालाच जाळी लावावी लागते. रंग आला म्हणजे द्राक्ष पिकले असे नसते. रंगानंतर आणखी दोन-अडीच आठवडे थांबून बी तपकिरी आणि कडक झाल्यावरच काढणी करावी. रसासाठी मणी मंद आचेवर गरम करून सालीतील रंग उतरू द्यावा व बी न चिरडता फडक्यातून गाळावे; बी फुटले तर रसाला तुरटपणा येतो. या जाती वाइनच्या असल्या तरी परवान्यावाचून घरी वाइन करणे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये गुन्हा ठरतो, तेव्हा रस, सरबत आणि जॅम येथवरच हा उद्योग ठेवावा. माती व विहिरीचे पाणी लागवडीपूर्वी तपासून घ्यावे आणि जातीविषयी किंवा रोगाविषयी शंका असल्यास रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात पान व काडीचा ताजा नमुना कागदात गुंडाळून न्यावा. प्लास्टिकच्या पिशवीत नेलेल्या नमुन्यावर वाटेतच दुसरी बुरशी वाढते आणि निदान चुकते.