दहा हजारांत एक

माझी मुलगी दोन महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. रोटाव्हायरसची लस पाजण्याआधी इथल्या नर्सने एक छापील कागद हातात दिला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं : वीस हजार ते एक लाख बाळांत एखाद्याचं आतडं या लसीमुळे अडकू शकतं, इस्पितळात न्यावं लागतं, कधी ऑपरेशनही. मी ते फोनवर आईला वाचून दाखवलं (हौस माझीच!). साताऱ्याहून आई म्हणाली, "अरे, तेच लिहून देतायत, मग पाजता कशाला पोरीला?"

प्रश्न रास्त होता. म्हणून थोडा अभ्यास केला.

रोटाशील्ड ही या रोगावरची पहिली लस अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये मंजूर झाली. आधीच्या चाचण्यांत लस घेतलेल्या सुमारे दहा हजार बाळांपैकी पाच जणांचं आतडं अडकलं होतं; लस न घेतलेल्या साडेचार हजारांत एकाचं. एवढ्याशा आकड्यांवरून लसीला दोष देता येईना. पण ही गोष्ट दडवली नाही, लसीच्या माहितीपत्रकात छापली. त्यामुळे लक्ष ठेवलं गेलं. जुलै १९९९ पर्यंत अशा १५ केसेस कळवल्या गेल्या आणि सीडीसीने कारण जाहीर करून लस थांबवायला सांगितली. ऑक्टोबरमध्ये कंपनीने ती मागे घेतली. पुढे धोक्याचा अंदाज निघाला, साधारण दहा हजारांत एक.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रिलीजबरोबर 'नोन इश्यूज'ची यादी देतो. यादी नाही म्हणजे बग नाहीत, असं कुणी समजत नाही.

मात्र एकच आकडा सांगणं हेही अर्धसत्यच. लसीआधी अमेरिकेत या जुलाबांनी दरवर्षी ५५ ते ७० हजार मुलं इस्पितळात भरती व्हायची. गरीब देशांत तर लाखो दगावायची. तिथे 'दहा हजारांत एक' या आकड्याचा अर्थच वेगळा, आणि ती लस त्यांनाही मिळाली नाही. नव्या लसी २००६ च्या सुमारास आल्या, प्रत्येकीची चाचणी साठ हजारांहून जास्त बाळांवर. भारताच्या सरकारी कार्यक्रमात रोटाव्हायरसची लस २०१६ मध्ये आली.

आईला दोन्ही आकडे सांगितले. शिवाय खुणा : पाय पोटाशी घेऊन कळवळून रडणं, उलट्या, शीमध्ये रक्त, बहुधा पहिल्या आठवड्यात. लस पाजली. पुढे आठ दिवस रोज रात्री साताऱ्याहून फोन : "शी कशी झाली रे?"