हार्वेस्टरच्या केबिनमधील शीतयंत्र : दाब कां चढतो ?

केबिनमधील शीतयंत्रास कोणी चैन म्हणतील. परंतु गव्हाच्या काढणीस, फाल्गुन-चैत्राच्या उन्हांत, कांचेच्या पेटींत दिवसभर बसणाऱ्या चालकास ती चैन नव्हे, गरज आहे. हवा गार येईनाशी झाली कीं, ‘गॅस कमी झाला, भरून घ्या’ असें आपण सहज म्हणतों. हा समज किती महाग पडतो, तें मीं घरींच पाहिलें.

गतवर्षीं माझ्या पुतण्याच्या हार्वेस्टरची हवा कोमट झाली. कारागिरानें गेज न लावतां गॅस भरला. दुसरे दिवशीं हवा अधिकच कोमट झाली, म्हणून पुन्हां भरला. दाब फाजील चढल्यास कॉम्प्रेसर बंद पाडणारी एक कळ असते; ती वारंवार यंत्र थांबविते म्हणून तिच्या तारा त्यानें परस्पर जोडून टाकल्या. तिसरे दिवशीं जुनी रबरी नळी सांध्यापाशीं फुटली. जवळ कोणी नव्हतें, हें दैव. बंद केबिनमध्यें चालक बसेना. यंत्र तीन दिवस उभें राहिलें, आणि तेवढ्यांत अवकाळी पावसानें उभा गहू लोळला. पुढें उघडून पाहतां कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामध्यें भुशाचा बोटभर थर निघाला. गॅस मुळांत कमी नव्हताच.

कारण सोपें आहे. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तेणेंकरून तो तापतो. कंडेन्सर ती उष्णता बाहेरच्या हवेस देतो व गॅसचा द्रव होतो. पुढें एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरतो. द्रव केबिनमधील जाळींत उकळून तेथील उष्णता ओढून घेतो. कंडेन्सरला उष्णता टाकतां आली नाहीं, तर दाब चढतो आणि थंडी घटते.

महसूल खात्यांतील कारकुनींत जमा व खर्च हे दोन्ही रकाने पाहिल्यावांचून मीं कधीं सही केली नाहीं. येथेंही दोन्ही गेजें एकदम पाहावीं. आर-१३४ए गॅसच्या यंत्रांत, बाहेर ३५ अंश उष्णता असतां, खालचा दाब दर चौरस इंचास साधारण ३० ते ४५ पौंड व वरचा २०० ते २५० पौंड असतो. यंत्राच्या पुस्तिकेंत निराळे आंकडे असल्यास तेच प्रमाण मानावे.

वरचा दाब याहून बराच चढल्यास पुढील क्रमानें तपास करावा.

पहिलें, इंजिन बंद करून कंडेन्सर पाहावा. हवा ज्या बाजूनें आंत शिरते, तिच्या उलट बाजूनें हलक्या वाऱ्यानें भुसा उडवावा. जोराच्या पाण्यानें पातळ पत्रे वांकतात. पंखा पुरेसा फिरतो कीं नाहीं, तेंही पाहावें.

दुसरें, यंत्र चालू असतां कंडेन्सरवर दुरून स्वच्छ पाणी हळूहळू शिंपावें. विजेच्या तारांवर उडूं देऊं नये. दाब झपाट्यानें उतरला तर दोष वाऱ्याच्या वाटेंत आहे. फारसा न उतरल्यास गॅस अधिक भरला आहे किंवा आंत हवा शिरली आहे, असा संशय घ्यावा.

तिसरें, यंत्र रात्रभर थंड होऊं द्यावें व सकाळीं इंजिन सुरू न करतां गेज पाहावें. ३० अंशांस शुद्ध आर-१३४एचा दाब सुमारें ९७ पौंड असतो. तो याहून बराच अधिक दिसल्यास आंत हवा किंवा दुसरा गॅस मिसळला आहे. नुसता गॅस अधिक भरल्यानें हा आंकडा सहसा बदलत नाहीं. दोहोंतील भेद येथें कळतो.

चौथें, वरचा दाब चढलेला व खालचा पडलेला दिसल्यास ड्रायर अथवा व्हॉल्व्ह यांत अडथळा शोधावा. अडथळ्यापुढें नळी एकाएकीं गार लागते, कधीं तिजवर दंवही धरतें.

हवा शिरली असो वा गॅस अधिक असो, सर्व गॅस यंत्रानें काढून घ्यावा, व्हॅक्यूम करावा, आणि पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें वजनानें भरावा. तो मोकळा सोडूं नये : एक किलो आर-१३४ए सुमारें १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणांत कोंडतो. त्याचा द्रव उणे २६ अंशांस उकळतो. डोळ्यांत गेल्यास दृष्टि जाऊं शकते. म्हणून चष्मा व हातमोजे घातल्यावांचून नळी सोडूं नये.

काढणीच्या दिवसांत रोज सकाळीं कंडेन्सर झाडण्यास थोडाच वेळ लागतो. तेवढा काढावा, आणि गेज दाखविल्यावांचून गॅस भरूं देऊं नये, एवढीच शेतकरी बंधूंस विनंति.