पुढाऱ्याचे शील व लोकांची साक्ष

शास्त्रपाठ : १ शमुवेल १२:१-५, नहेम्या ५:१-१८, २ करिंथ ८:१६-२१.

मंडळीत पुढारी निवडावयाचा असला म्हणजे आपण प्रथम काय पाहतो? गोड गळा, ओघवते भाषण, पाठ असलेली वचने, कचेरीत जाऊन बोलण्याचे धैर्य. ह्या देणग्या चांगल्या आहेत व प्रभूच्या कामी लागतात. परंतु पौलाने तीमथ्याला अध्यक्षाचे गुण लिहून कळविले (१ तीमथ्य ३:१-७), त्यांत शिकविण्याच्या कौशल्याचा उल्लेख एकदाच येतो. बाकीचे बहुतेक गुण वर्तनाचे, स्वभावाचे व घराचे आहेत. शिवाय त्या यादीचा आरंभ निर्दोषपणाने होतो, आणि शेवट मंडळीबाहेरच्या लोकांतील चांगल्या नावाने होतो. म्हणजे ज्यांनी आपला उपदेश कधी ऐकला नाही, त्या शेजाऱ्याने व दुकानदारानेही पुढाऱ्याविषयी बरी साक्ष द्यावी, अशी प्रेषिताची अपेक्षा आहे. ही साक्ष कशाने मिळते, हे आपण देवाच्या तीन सेवकांवरून पाहू.

१. शमुवेल. शौलाला राजा केल्यावर वृद्ध शमुवेल गिलगाल येथे सर्व इस्राएलापुढे उभा राहिला. आरंभी त्याने आपल्या प्रार्थनांचा किंवा दृष्टांतांचा पाढा वाचला नाही. मी कोणाचा बैल किंवा गाढव घेतले काय, कोणाला लुबाडले काय, कोणाकडून लाच घेतली काय, असे त्याने विचारले. आणि घेतले असल्यास परत करण्याची तयारी दाखविली. लोकांनी एकमुखाने नाही म्हटले. बैल म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पेरणीच्या दिवसांत ज्याचा बैल गेला, त्याचे वर्ष गेले. म्हणून शमुवेलाचा प्रश्न लहान नव्हता.

हा धडा तो कोठे शिकला असेल? लहानपणी तो शिलो येथे एलीच्या हाताखाली सेवा करीत असता एलीचे पुत्र लोकांच्या यज्ञबलीतील मांस बळजबरीने घेत, आणि त्यामुळे परमेश्वराच्या अर्पणाची अवहेलना झाली (१ शमुवेल २:१२-१७). पुढे खुद्द शमुवेलाचे पुत्र बैरशेबा येथे लाच घेऊ लागले. तेव्हा वडीलजन रामा येथे आले व ह्याच तक्रारीवरून त्यांनी राजा मागितला (८:१-५). पुढाऱ्याच्या लोभाचे फळ त्याच्या घरापुरते राहत नाही. ते सर्व लोकांना भोगावे लागते.

२. नहेम्या. हा पारसी राजा अर्तहशश्त ह्याच्या वतीने यहूदाचा अधिपती होता. त्या दिवसांत दुष्काळ व राजाचा कर ह्यांमुळे गरिबांनी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली होती, आणि त्यांची मुले दास्यात जात होती. नहेम्याने सावकारांना धमकावले. परंतु त्याबरोबरच आपण व आपल्या माणसांनीही पैसा व धान्य कर्जाऊ दिले आहे हे तो बोलून दाखवितो, आणि ही व्याजाची रीत आपण सर्वांनी सोडावी असे म्हणतो. त्याच्या पूर्वीचे अधिपती भाकर व द्राक्षारस ह्यांशिवाय ४० शेकेल रुपे घेत, व त्यांचे चाकरही लोकांवर अंमल गाजवीत. नहेम्याने १२ वर्षे हा हक्काचा भत्ता घेतला नाही, शेतही विकत घेतले नाही. उलट त्याच्या पंक्तीला १५० यहूदी जेवत. ह्याची दोन कारणे तो देतो : देवाचे भय, आणि लोकांवर आधीच पडलेला भार. जे घेण्याचा हक्क आहे तेही दीनांसाठी सोडणे, हे शीलाचे पुढचे पाऊल होय.

३. पौल. यरुशलेम येथील गरीब पवित्र जनांसाठी मासेदोनिया, करिंथ इत्यादी ठिकाणी वर्गणी जमत होती. पौलाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. तरी त्याने ती रक्कम एकट्याच्या हाती ठेवली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू दिला, ह्यासाठी की कोणाला दोष ठेवण्यास जागा नसावी. देव माझे अंतःकरण जाणतो, असे म्हणून तो थांबला नाही. माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते त्याने केले.

उपदेशक बंधूंनो, आपल्या हाती मोठे खजिने नाहीत. आठवड्याची वर्गणी, हंगामातील धान्य, मंदिराच्या छपरासाठी जमलेला पैसा, एखाद्या विधवेचा अर्ज, एवढेच आपल्या हाती असते. परंतु शीलाची परीक्षा येथेच होते. दान दोघांनी मिळून मोजावे. त्याच दिवशी ते वहीत लिहावे, व महिन्यातून एकदा जमाखर्च मंडळीपुढे वाचावा. मंडळीचे धान्य घरच्या कणगीत मिसळू नये. ज्यांचा न्याय आपणांस करावा लागतो, त्यांच्याकडून उसने घेऊ नये. असे केल्याने निर्दोष सेवकाचेही खोट्या आळापासून रक्षण होते. आणि जेथे हे होत नाही, तेथे काय घडते? गरीब मनुष्य भांडत नाही. तो उपासनेला येईनासा होतो, आणि त्याची मुलेही प्रभूपासून दुरावतात.

तथापि शील हे तारणाचे मोल नव्हे. ज्याच्या हाती दुसऱ्याचे काही राहिले असेल, त्याने जक्कयाकडे पाहावे (लूक १९:१-१०). प्रभू त्याच्या घरी आला, आणि मग त्याने चौपट परत करण्याचे कबूल केले. कृपा आधी आली, परतफेड मागून आली. परंतु ती आल्यावाचून राहिली नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून आधी आपले अंतःकरण प्रभूच्या स्वाधीन करू, म्हणजे आपले हातही शुद्ध राहतील.

विचार करण्यासाठी प्रश्न
१. शमुवेलासारखा प्रश्न आपल्या गावात उभे राहून विचारला, तर शेजारी काय उत्तर देतील?
२. नहेम्याने कोणता हक्क सोडला? आपण कोणता सोडू शकू?
३. आपल्या मंडळीचा जमाखर्च मंडळीपुढे शेवटचा केव्हा वाचला गेला?